मेलेल्या माणसावर संशय

शेवट गोड आहे, हे आधीच सांगून टाकते. मला ते सस्पेन्स-बिस्पेन्स झेपत नाही. सिनेमा सुरू झाला की माझा पहिला प्रश्न असतो, ह्यातली बाई शेवटी जगते ना? जगते म्हटलं की बाकीच्यांचं काय वाट्टेल ते होऊ दे, मी पाय पसरून बघते. आमच्या ह्यांना माझा हा स्वभाव म्हणजे जन्मठेप वाटते. शेवट आधी विचारणाऱ्या माणसाला थिएटरात पाऊल ठेवू देऊ नये, असं त्यांचं मत आहे. मतं त्यांच्याकडे भरपूर. आमच्या घरात कधी साखर संपली असेल, चहाची पूड संपली असेल, पण मतांची टंचाई म्हणून कधी पडली नाही.

ह्यांचं केस कापायचं दुकान आहे, सासऱ्यांपासून चालत आलेलं. जागा एवढीशी. दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, मागच्या भिंतीवर एक लहान आरसा, म्हणजे गिऱ्हाइकाला आपली मान मागून कशी दिसते ते कळावं. गल्लीत ह्यांना कुणी नावाने हाक मारत नाही, सगळे ‘इन्स्पेक्टर’ म्हणतात. कारण खुर्चीत बसलेल्या माणसाला एका दाढीत एक तपास ऐकून घ्यावाच लागतो. खुनाचा, दरोड्याचा, अपहरणाचा नवा सिनेमा लागला की लगेच जाऊन बघायचा आणि पुढे आठवडाभर दुकानात त्याची चिरफाड करायची, हा ह्यांचा शिरस्ता. गिऱ्हाइकं सगळं मान्य करतात. गळ्यावर वस्तरा असताना कोण कशाला वाद घालेल?

हल्लीच्या सिनेमांवर तर ह्यांचा फार राग. मला सगळं पाठ आहे, कारण दुकान बंद झालं की उरलेलं मला ऐकावं लागतं. पहिली तक्रार अंधाराची. खून अंधारात, तपास अंधारात, अहो, पोलिस चौकीतसुद्धा दिवा लावत नाहीत, एवढ्या मोठ्या खात्याला एक ट्यूबलाइट परवडू नये? दुसरी तक्रार दाढ्यांची. नायकाला दाढी, खुन्याला दाढी, वकिलाला दाढी, प्रेताला दाढी, आता कोण कुणाला मारतंय हे ओळखायचं कसं? तिसरी म्हणजे कुणी धड बोलत नाही. पूर्वीचा खुनी निदान शेवटी उभा राहून आपण काय काय केलं ते खणखणीत आवाजात सांगायचा. आताचा नुसता खिडकीबाहेर बघतो.

एवढ्यावर थांबतील तर ते हे कसले! हल्ली प्रत्येक खुन्याचं बालपण दाखवतात, त्यावर ह्यांचं खास भाषण आहे. बापाने लहानपणी मारलं म्हणून म्हणे हा मोठेपणी खून करत सुटला. “मला माझ्या बापाने काय कमी बडवलं? मी केस कापतो.” हे वाक्य गल्लीतल्या प्रत्येक पुरुषाने एकदा तरी फेसाने भरलेल्या तोंडाने ऐकलेलं आहे. आणि त्या भागाभागांच्या मालिका! प्रेत पहिल्या भागात सापडतं, मग चार भाग इन्स्पेक्टर आपल्या बायकोशी भांडतो, प्रेताकडे कुणी ढुंकून बघत नाही. ट्विस्टबद्दल म्हणतात की तो मिठासारखा हवा, चिमूटभर; हे लोक मिठाचीच भाजी करून वाढतात. ह्यांना आवडतो तो सिनेमा, ज्यातला खुनी पहिल्यापासून आपल्या नजरेसमोर वावरत असतो आणि आपण त्याच्याकडे नीट बघितलेलंच नसतं.

आमचे जावई ह्यांच्या तोडीस तोड. विम्याच्या कचेरीत दिवसभर दुसऱ्यांचे अपघात वाचतात आणि संध्याकाळी पडद्यावरचे बघतात. ते म्हणायचे, बाबा, अंधार म्हणजे मूड असतो, आता बघणाराही हुशार झालाय, त्याला सगळं उजेडात दाखवायची गरज नाही. हे म्हणायचे, मूड तुमच्या घरी, मी तिकीट काढून बघायला गेलोय, चाचपायला नाही. मग दोघांची जुंपायची. लेक आणि मी मटार सोलत बसायचो. कधी कधी मला वाटायचं, लेकीने नवरा निवडला की बापासाठी भांडायला माणूस आणला?

आमच्या घरचा एक नियम आहे. थ्रिलर असला की चौघांनी मिळून जायचं आणि मध्यंतरात प्रत्येकाने आपला संशयित जाहीर करायचा. एकदा जाहीर केला की बदलायचा नाही. ज्याचा अंदाज बरोबर, त्याला घरी आल्यावर आयता चहा, बाकीचे कामाला. ह्यांनी वर्षानुवर्षं आयता चहा प्यायलाय. मी नेहमी मोलकरणीवर संशय घेते, कारण तिचं नाव घेतलं की कुणी कारण विचारत नाही. ती बिचारी कधीच खुनी निघाली नाही.

आता मुद्द्याचं सांगते. त्या दिवशीचा सिनेमा एका श्रीमंत घराण्याचा होता. धरणाकाठी मोठा बंगला, म्हातारा मालक विषाने मेलेला, दोन भाऊ, एक बहीण, मृत्युपत्राची भानगड. धाकटा भाऊ दाढीवाला. मध्यंतराच्या जरा आधी तो रात्री धरणाच्या भिंतीवर एकटा उभा असतो, मागून कुणीतरी येतं आणि त्याला ढकलून देतं. एक शब्द नाही, किंकाळी नाही, नुसतं संगीत. मग पहाटे पाण्यातून वर आलेला एक हात दिसतो, मनगटावर त्याचं ते भलंमोठं चकाकणारं घड्याळ. कॅमेरा त्या घड्याळावरून हलायलाच तयार नाही. आणि दिवे लागले.

जावयांनी थोरल्या भावाचं नाव घेतलं. लेकीने बहिणीचं. मी मोलकरणीचं. हे लाह्यांच्या पुड्यात हात घालून शांतपणे म्हणाले, “धाकटा भाऊ. तो दाढीवाला. पैज लावा.”

आम्ही तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो. लेक म्हणाली, बाबा, तो तर आत्ता मेला. ह्यांचा हात पुड्यात तसाच राहिला. मग त्यांनी पाण्याची बाटली उघडली, घोट घेतला, झाकण लावलं आणि म्हणाले, “म्हणूनच.”

जावयांनी कपाळावर हात मारून घेतला. अरे देवा, बरोबर, चेहरा कुठे दाखवला, फक्त घड्याळ दाखवलं, घड्याळ काय कुणाच्याही हातात बांधता येतं! आणि सांगायची गंमत म्हणजे सिनेमात अगदी तेच निघालं. धाकटा मेलाच नव्हता. दुसऱ्याच कुणाच्या मनगटावर आपलं घड्याळ बांधून पठ्ठ्या लपून बसला होता आणि सगळे खून त्याचेच. पडद्यावर तो दाराआडून बाहेर आला तेव्हा जावयांनी उठून ह्यांच्याशी हात मिळवला. मागच्या रांगेतला माणूस खाली बसा म्हणून ओरडला तरी ह्यांना पर्वा नव्हती. बाहेर येईपर्यंत जावई ह्यांचे शिष्य झाले होते. त्यांनी ती गोष्ट कचेरीत सांगितली, शेजाऱ्यांना सांगितली, दुकानात येऊन गिऱ्हाइकांनाही सांगितली. मेलेल्या माणसावर संशय घेणारा इन्स्पेक्टर म्हणून ह्यांचा बोलबाला झाला.

मी मात्र तो पुड्यात अडकलेला हात बघितला होता. एवढी वर्षं संसार केलाय. नवरा हुशारीने गप्प बसलाय की गडबडून, एवढं कळतं मला. घरी येताना मी सहज विचारलं, तुम्हाला शंका आली कशावरून? तो पाण्यातला हात बघून का? हे ऐटीत म्हणाले, “हो तर. त्या अंगठीवरूनच ओळखलं मी.”

अंगठी नव्हती. त्या अख्ख्या सिनेमात कुणाच्या बोटात अंगठी नव्हती. शेजारी बसून जावई तिकडे घड्याळ-घड्याळ करत होते, तेही हर्षवायूत ह्यांच्या डोक्यात शिरलं नव्हतं. ह्या माणसाने तो हात बघितलाच नव्हता. धाकटा पाण्यात पडलेलाही त्याला दिसला नव्हता. तो मेलाय हे माहीत नसताना त्याने त्याचं नाव घेतलं होतं, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला डोक्यावर घेतलं होतं.

मग माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जुळायला लागली. मी घरी लोकांचे कपडे लहान-मोठे करून देते. सुईत दोरा ओवायचं काम लग्नापासून ह्यांचं, कारण माझी दृष्टी आधीपासून अधू आणि ह्यांची घारीसारखी. गेल्या काही महिन्यांत मी सुई पुढे केली की ह्यांना नेमकं बाहेर काम निघायचं. एकदा तर बाजारातून दोरा ओवायचं ते पत्र्याचं चिमुकलं यंत्र आणून माझ्या हातात ठेवलं, म्हणाले, स्वावलंबी हो. मी उलट खूश झाले होते, नवऱ्याने आठवणीने काहीतरी आणलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी चहाचा थर्मास घेऊन दुकानात गेले. एरवी मी तिकडे फिरकत नाही, पुरुषांच्या गप्पांत आपलं काय काम. बघते तर खुर्ची आरशासमोरून सरकवून पार दाराच्या उजेडात आणून ठेवलेली. खुर्चीत बेकरीवाला. त्याला घोटून दाढी करून हवी होती, ओळखपत्रासाठी फोटो काढायचा होता. हे त्याला पटवत होते की गुळगुळीत दाढीची फॅशन गेली, तुमच्या चेहऱ्याला दाढीच शोभते, भारदस्त दिसता. आणि कात्रीने नुसते कडेचे केस सारखे करत होते, तेही प्रत्येक वेळी आधी अंगठ्याने गाल चाचपून. कंगवा घ्यायला हात मागे गेला तो फळीवर दोनदा रिकामाच फिरला. वस्तरा पेटीत बंद होता. पेटीवर धूळ होती.

मी दारात उभी राहून गल्लीकडे बघितलं. बेकरीवाल्याची दाढी, त्यात पीठ अडकलेलं. सायकलवाल्याची दाढी. समोरच्या निवृत्त मास्तरांची, ज्यांनी आयुष्यात एक दिवस दाढी वाढू दिली नव्हती, त्यांचीही दाढी. आमच्या गल्लीत एवढ्या दाढ्या उगवल्या कुठून, ह्याचं मला कित्येक दिवस नवल वाटत होतं. त्या सगळ्या माझ्या नवऱ्याने उगवायला लावल्या होत्या. आणि हाच माणूस वर सिनेमातल्या दाढ्यांच्या नावाने बोटं मोडत होता.

अंधार, दाढ्या, कुणी धड बोलत नाही. ह्या तक्रारी सिनेमाबद्दल नव्हत्याच. दुसऱ्या कुठल्या घरात नवरा म्हणाला असता की मला पडद्यावर दिसत नाही, तर बायकोने त्याला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं असतं. आमच्या घरात त्यावर चर्चासत्रं झडली. जावयांनी कॅमेऱ्याचं तंत्र समजावून सांगितलं. लेकीने कुठल्यातरी समीक्षकाचंही असंच म्हणणं आहे म्हणून वाचून दाखवलं. मी मटार सोलले. माणसाचे डोळे चालले होते आणि आम्ही त्याला मत समजत होतो.

घरी येऊन मी आधी खूप चिडले, भांडी आपटली, मग बसून रडले. कारण मला सासऱ्यांची, अप्पांची आठवण झाली. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू होता. कळला तेव्हा फार उशीर झाला होता, गेलेली दृष्टी परत येत नाही म्हणाले होते डॉक्टर. शेवटची वर्षं ते दुकानातल्या दुसऱ्या खुर्चीत बसून असायचे, कात्रीच्या आवाजावरून ह्यांच्या चुका काढायचे. घरी आले की भर दुपारी मला विचारायचे, सूनबाई, दिवा लावला नाही का अजून? मी म्हणायची, लावते हं मामंजी. काय सांगणार? आणि हा आजार बापाकडून मुलाकडे येऊ शकतो, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. आम्ही दोघांनी ते ऐकलं होतं, आणि त्यानंतर त्याचा विषय कधी काढला नव्हता.

संध्याकाळी हे आले, हातपाय धुतले, एका नव्या मालिकेची निंदा करत टेबलाशी बसले. मी ताट वाढलं नाही. त्यांच्यासमोर सुई ठेवली आणि काळ्या दोऱ्याचं रीळ ठेवलं. म्हटलं, ओवून द्या. ते म्हणाले, जेवण झाल्यावर. मी म्हटलं, आत्ता. त्यांनी सुई उचलली, दिव्याकडे धरली, दोऱ्याचं टोक ओलं केलं, आणि मग दोन्ही वस्तू हळूच खाली ठेवल्या.

“दिसत नाही,” ते म्हणाले. “अप्पांना काचबिंदू ह्याच वयात झाला होता.”

मग एकेक बाहेर आलं. कितीतरी महिने सगळं धुक्यात असल्यासारखं दिसत होतं. एकदा मास्तरांच्या कानाच्या पाळीला वस्तरा लागला, थेंबभर रक्त आलं, ह्यांनी तुरटी लावून हसण्यावारी नेलं आणि त्या दिवसापासून वस्तऱ्याला हात लावला नाही. डॉक्टरकडे का गेला नाहीत, तर म्हणे अप्पांना जे सांगितलं तेच मला सांगतील, मग सांगण्याआधीचे दिवस तरी सुखात काढू. मी जी भडकले! म्हटलं, सिनेमातल्या साक्षीदाराने पोलिसांपासून एक चिठ्ठी लपवली तर तुम्ही त्याला मूर्ख, बिनडोक म्हणून थिएटर डोक्यावर घेता, आणि स्वतः काय केलंत? मान खाली घालून बसलेल्या माणसाला किती बोलणार? ताट वाढलं. त्यांनी जेमतेम चार घास खाल्ले, मी तेवढेही नाही.

सकाळी दुकान बंद ठेवून आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. लेक-जावई यायला निघाले होते, मी नको म्हटलं, बातमी वाईट असली तर ती आधी आम्हा दोघांचीच असू दे. डॉक्टरीण आमच्या लेकीच्या वयाची. तिने अक्षरांचा फळा दाखवला. वरचं मोठं अक्षर हे बरोबर बोलले, दुसऱ्या ओळीपासून ठोकून द्यायला लागले. ती म्हणाली, काका, अंदाज नको, दिसतं तेच सांगा. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ह्यांना अंदाज नको म्हणालं. मग एका यंत्रावर हनुवटी टेकवून डोळ्यांतला दाब मोजला. मग डोळ्यांत थेंब घातले आणि बाहेर बाकावर बसवलं. थेंबांनी बाहुल्या मोठ्या झाल्या की आतली नस बघता येते म्हणाली. अप्पांची नसच गेली होती.

त्या बाकावर मी काय काय केलं नाही! दुकान कुणाला चालवायला देता येईल त्याचा विचार केला. घरातल्या कुठल्या फर्निचरचे कोपरे त्यांना लागतील तेही मोजून झालं. शेजारी हे डोळे मिटून बसलेले, हात मांडीवर. पुन्हा आत बोलावलं, खोलीत अंधार केला आणि ती बाई एक बारीकसा दिवा घेऊन ह्यांच्या डोळ्यांत बघत बसली. उजवा झाला, डावा झाला, परत उजवा. तोंडातून शब्द नाही. मला वाटलं आता हिला गदागदा हलवावं आणि विचारावं, बाई गं, शेवट काय ते सांग.

तिने दिवा लावला आणि म्हणाली, “मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलाय. ऑपरेशन केलं की स्वच्छ दिसेल.”

मी विचारलं, आणि काचबिंदू? ती म्हणाली, नाही. दाब व्यवस्थित आहे, नस निरोगी आहे. मी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा नाही म्हणून सांगितलं. वडिलांना होता म्हणून दरवर्षी येऊन तपासून घ्यायचं, आणि एवढे दिवस काय करत होतात काका, असं जरा रागावलीही. ह्यांनी घसा खाकरला. म्हणाले, “नक्की ना? नंतर काही ट्विस्ट नाही ना?” तिला आमची मतं-बितं काही माहीत नव्हती. तिने सरळ उत्तर दिलं की ह्यात कसला ट्विस्ट, रोज अशी ऑपरेशनं होतात. असं रटाळ, सरधोपट वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

थेंबांचा असर उतरेपर्यंत ह्यांना काही दिसेना, म्हणून आम्ही पुन्हा त्याच बाकावर बसलो. आता मी ढसाढसा रडत होते आणि हसतही होते, समोरची नर्स काय समजायचं ते समजली असेल. छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात ना, अगदी खरंच उतरतो, श्वास घेताना कळतं. ह्यांनी चाचपडत माझा हात शोधला. मग बोलायला लागले, हळू आवाजात, माझ्याकडे न बघता, बघता येतही नव्हतं म्हणा.

म्हणाले, गेले वर्षभर थिएटरात मी डोळे मिटून बसायची सवय करत होतो. धुक्यात बघत राहायचं आणि जीव खालीवर करून घ्यायचा, त्यापेक्षा नुसतं ऐकून किती कळतं ते शिकून घ्यावं म्हटलं. म्हणजे पुढे काहीच दिसेनासं झालं तरी तुझ्या शेजारी येऊन बसता येईल. तुम्हा लोकांना कळणार नाही. सिनेमा बंद करावा लागणार नाही. ज्यात माणसं बोलतात तो सिनेमा बराच कळायचा. ज्यात बोलत नाहीत त्यात फार जड जायचं.

“तुला विचारणार होतो,” ते म्हणाले, “शेजारी बसून मला सांगत जाशील का म्हणून. पण तू सांगता सांगता रडशील आणि मला शेवट कळायचा नाही.”

मी नुसता तो हात घट्ट धरून बसले. आम्ही जावयांशी त्यांचं भांडण ऐकून हसायचो, आणि हा माणूस माझ्या कोपराला कोपर लावून अंधाराचा सराव करत होता.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, आधी उजव्याचं, मग डाव्याचं. घरी आल्यावर ह्यांनी भिंतींवरचे डाग शोधून काढले, माझ्या शिवणीतले वाकडे टाके शोधून काढले, स्वतःच्या दुकानातला आरसा बघून हा असा घाणेरडा आरसा कुणी ठेवला म्हणून ओरडले. वस्तरा बाहेर निघाला. बेकरीवाला, सायकलवाला, मास्तर, सगळे एकेक करून खुर्चीत बसले आणि गल्लीतल्या बायकांना आपापले नवरे परत दिसले. मास्तरीणबाईंनी तर मला बोलावून चहा पाजला.

आणि डॉक्टरिणीने परवानगी दिल्या दिवशी आम्ही दोघंच सिनेमाला गेलो. नवा थ्रिलर. एक बाई रिकाम्या घरात शिरत होती. मी त्यांच्याकडे बघितलं. तोंड उघडं, मान पुढे, पडद्याचा उजेड चेहऱ्यावर हलतोय. बघत होते, अगदी अधाशासारखे बघत होते. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, मी डोळे मिटले. म्हटलं, बघू तरी हा माणूस वर्षभर माझ्या शेजारी बसून काय ऐकत होता.

दार करकरलं. पावलं वाजली, पण ती तिची की दुसऱ्या कुणाची? कुणीतरी श्वास रोखून धरला. संगीत चढत गेलं, मग एकदम थांबलं, थिएटरातली सगळी माणसं एकदम दचकली आणि मला कळेना कशाला. एवढ्या गर्दीत आपण एकटेच आहोत असं वाटलं, आणि त्यांनी असे डोळे मिटून किती सिनेमे काढले असतील ते आठवलं.

“झोपलीस का गं?” हे माझ्या कानाशी म्हणाले. “खुनी आत्ता येऊन गेला.”

मी डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर त्यांना पाणी दिसलं असतं. आता अंधारातही दिसतं त्यांना.

“तुम्ही सांगा ना काय झालं,” मी म्हटलं.

आणि ते सांगायला लागले.